ऐकीव इलेक्ट्रॉन

मोकल सरांशी माझं पहिलं बोलणं भांडणानंच झालं. रोह्याच्या ज्युनिअर कॉलेजात मी बायॉलॉजी शिकवायला नवीन लागले होते. अकरावीच्या फळ्यावर गुणसूत्रांचं सुरेख चित्र काढून मी मोठ्या ऐटीत बाहेर पडले, तर दारात हे केमिस्ट्रीचे गृहस्थ उभे. पांढरा हाफ शर्ट, खिसा फुगलेला, हातात खडूचा डबा.

"चित्र झकास काढलंत बाई," म्हणाले. "तुम्ही पाहिलीत का कधी?"

"काय?"

"गुणसूत्रं."

"पुस्तकात पाहिलीत की."

"मग कोपऱ्यात 'ऐ' लिहा," असं म्हणून ते वर्गात शिरले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ओळख ना पाळख, आणि हा मनुष्य मला माझा विषय शिकवतो. स्टाफरूममध्ये कर्णिक सर भेटले. ते फिजिक्सचे, जुने, आणि मोकल सरांचे एकमेव जाहीर वैरी. त्यांनी मला सगळं समजावलं. मोकल सर फळ्यावर काहीही लिहिलं की त्याच्या शेजारी बारीक अक्षर काढत. जे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय त्याला 'प', म्हणजे पाहिलेलं. जे पुस्तकात वाचलं किंवा कुणाकडून कळलं त्याला 'ऐ', म्हणजे ऐकीव. "ऐकीव म्हणजे खोटं नव्हे," हे ते दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत. "ऐकीव म्हणजे अजून उधार."

कर्णिक म्हणाले, "मागच्या साली एका पोरानं बोर्डाच्या पेपरात अणूची रचना लिहिली आणि खाली टीप दिली, 'वरील माहिती ऐकीव आहे.' तपासणाऱ्याला काय वाटलं असेल, विचार करा."

मी मात्र हट्टाला पेटले. पुढच्या आठवड्यात कांद्याची मुळं पाण्यात वाढवली, टोकं कापली, रंगवली, काचपट्टीवर चेपली. दोनतीन दिवस नुसता चिखल दिसत होता. मग एकदा मायक्रोस्कोपात ती दिसली, निळीजांभळी, मधोमध रांगेत लागलेली. मी मोकल सरांना अक्षरशः हाताला धरून आणलं. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. मग अकरावीच्या वर्गात गेले, माझं चित्र तर कधीच पुसलं गेलं होतं, तरी त्यांनी रिकाम्या फळ्याच्या कोपऱ्यात एक 'प' काढला आणि वर्गाला म्हणाले, "हा बाईंचा. टाळ्या वाजवा." पोरांनी वाजवल्या. त्या दिवसापासून आमचं जमलं ते जमलंच.

सर राहायचे जोह्यात. सकाळी तिथून पेणला, आणि पेणहून आम्ही दोघं रोह्याची एसटी धरायचो. सरांना खिडकी लागायची, पण बाहेर बघण्यासाठी नव्हे. मांडीवर खडूचा डबा ठेवून ते नागोठण्यापर्यंत डोळे मिटून बसायचे आणि मध्येच विचारायचे, "बाई, मीठ पाण्यात विरघळलं तर पाणी थंड होतं. हात घालून बघितलंय का?" मी नाही म्हटलं की समाधानानं मान हलवायचे. आणखी एक ऐकीववाला सापडला म्हणून.

तो फुगलेला खिसा म्हणजे शाडू. जोहे हे गणपतीच्या मूर्ती घडवणारं गाव, सरांच्या घरीही कारखाना. तिथल्या माणसाला काहीही बुजवायचं, टेकवायचं, उभं करायचं असलं की हात मातीकडंच जातो. घागर गळली, लाव माती. उंदराचं बीळ, लाव माती. सर प्लास्टिकच्या पिशवीत ओल्या शाडूचा गोळा घेऊन कॉलेजात यायचे. ब्युरेट ठिबकली की चिमूटभर माती. टेस्ट ट्यूब कलंडली की मातीची बैठक. लॅबच्या कपाटाची काच फुटलेली, तिचे तुकडेसुद्धा मातीनं बसवलेले. कर्णिक म्हणायचे, "यांच्या प्रयोगशाळेचं अनंत चतुर्दशीला विसर्जन करावं लागणार."

पण सरांचा खरा तास बघायचा तो इलेक्ट्रॉनचा. अणूत इलेक्ट्रॉन कुठल्या खणात, कुठल्या क्रमानं भरत जातात, हा धडा. भले भले तिथं गारठतात. पुस्तकं एसटीचा दाखला देतात: आधी प्रत्येक बाकावर एकेक माणूस बसतो, मग शेजार भरतो. सरांना तो दाखला अजिबात मान्य नव्हता.

"यष्टीत ओळखीचा दिसला की माणूस दहा बाकं मोकळी असली तरी त्याच्याच मांडीवर जाऊन बसतो," ते म्हणायचे. "इलेक्ट्रॉनला ओळखपाळख नाय. तुम्ही आमच्या कारखान्यात या."

आणि मग फळ्यावर लाकडी मांडणी उभी राहायची. ओल्या मूर्ती सुकायला ठेवायच्या तर आधी खालची फळी भरायची, उगाच वर चढवायचं नाही. पण एका फळीचे खण सारखे असले की प्रत्येक खणात आधी एकेकच मूर्ती. गर्दी केली तर वारा लागत नाही, आणि सोंडेला हात लागून सोंड मोडते. सगळ्या खणांत एकेक झाली, तरी माल उरलाच, तर दुसरी आत सरकवायची. पण कशी? पहिलीच्या पाठीला पाठ लावून. तोंडं एका बाजूला करून दोन मूर्ती एका खणात कधीच मावत नाहीत.

"आता मँगनीजचा आयन घ्या," सर खडू आपटायचे. "खण पाच, माल पाच. प्रत्येक खणात एकटा. झिंकचा घ्या. खण पाच, माल दहा. सगळे पाठीला पाठ. तांबं? नऊ. चार खण जोडीचे, एकात एकटा. जोडीनं बसलेत त्यांची तोंडं उलटसुलट, एकाचं बळ दुसरा खातो. ते चुंबकाला विचारत नायत. पण जो एकटा हाय ना, तो चुंबकाकडं ओढला जातो."

पोरांच्या डोक्यात ते असं बसायचं की निकाल लागला तरी निघायचं नाही. पण त्या सगळ्या सुंदर मांडणीच्या शेजारी, दर वर्षी, न चुकता, मोकल सर एक 'ऐ' काढायचे. आणि तो काढताना त्यांचा चेहरा पडायचा.

त्याचं कारण मला कळलं ते त्यांच्या घरी. आमचा घरचा गणपती मी त्यांच्याच कारखान्यातून आणायचे. निवड करायला गेले, तर सरांचे थोरले भाऊ, नाना, ओसरीवर मूर्तींचे डोळे आखत बसलेले. बारीक ब्रश, हात असा स्थिर की बघणाऱ्यानं श्वास धरावा. अख्ख्या हमरापूर पट्ट्यात नानांच्या आखणीला नाव होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "बाई, तुम्ही बेडूक कापता, ते तरी दिसतं. आमचा दामू काय शिकवतो हो?"

"केमिस्ट्री, नाना."

"ते ठावं हाय. मी इचारलं, तर बोलतो, लय बारीक गोष्ट हाय, हाय पण दिसत नाय. अवो, मी अशी मूर्ती इकली, हाय पण दिसत नाय, तर गिऱ्हाईक मला उभं करंल काय?"

सगळे हसले. सरही हसले. पण मला सोडायला पेणच्या गाडीपर्यंत आले. गाडी यायच्या वेळी म्हणाले, "बाई, तो बोलतो त्यात खोट नाय. बापामागं कारखाना त्यानं खांद्यावर घेतला म्हणून मी बीएस्सी झालो. त्यालाही शिकायचं होतं. त्यानं जे सोडलं, त्याच्या बदल्यात मी काय मिळवलं, ते एकदा त्याच्या डोळ्यांना दिसायला पाहिजे. रिटायर व्हायच्या आत नानाला एकटा इलेक्ट्रॉन दाखवीन. नायतर जन्मभर ऐकीवच शिकवलं म्हणायचं."

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

स्टाफरूममध्ये कर्णिकांनी लगेच टाचणी लावली. "मोकल, इलेक्ट्रॉन नाही दिसायचा. फार तर ओढ दिसेल."

"मांजर नाय दिसलं तरी साय गेली की कळतं ना?" सर म्हणाले. "मला साय गेलेली चालेल."

मग जमवाजमव सुरू झाली. पेणच्या मंडपवाल्याकडून जळक्या स्पीकरचं जाडजूड चुंबक आणलं. वहिनींच्या, म्हणजे सरांच्या पत्नीच्या, लग्नातल्या शालूचा एक रेशमी धागा काढला, त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला. वाऱ्यानं धागा फिरू नये म्हणून काचेची पेटी पाहिजे होती. नानांच्या ओसरीवर नमुन्याचा छोटा गणपती जिच्यात बसायचा ती पेटी सरांनी मागितली. नाना म्हणाले, "देवाला उठवून त्याच्या जागी काय बसवणार?" सर म्हणाले, "मँगनीज." नानांनी पेटी दिली, पण गणपती स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले.

पेटीत मधोमध धागा सोडायचा, त्याला एक हलकी काडी आडवी बांधायची, काडीच्या टोकाला त्या त्या धातूच्या क्षाराची, मिठासारखी दिसणारी पूड भरलेली छोटी काचनळी. दुसऱ्या टोकाला तोलाला वजन. बाहेरून चुंबक जवळ न्यायचं. मँगनीजची नळी चुंबकाकडं वळायला हवी, झिंकची ढिम्म राहायला हवी. एवढं साधं.

सरांनी आधी करूनसुद्धा बघितलं नाही. "नानाच्या आधी मी बघणार नाय," हा हट्ट. मी समजावलं, कर्णिकांनीही समजावलं. पण शहाण्याला समजावता येतं, भावाला नाही.

नाना आले. धुवट धोतर, काळी टोपी, रोह्याच्या कॉलेजात पहिल्यांदाच. बारावीचा अख्खा वर्ग लॅबमध्ये, पंखे बंद, सगळे घामाघूम. सरांनी मँगनीजची नळी टांगली. धागा स्थिर व्हायला वेळ लागला. चुंबक जवळ आलं आणि नळी झपकन वळली. वर्गातून एक सुस्कारा निघाला. नाना पुढं वाकले.

"आता झिंक," सर म्हणाले. आवाज चढला होता. "ही हलणार नाय. का? सगळे पाठीला पाठ."

चुंबक जवळ आलं. झिंकची नळीही वळली. तेवढीच झपकन.

मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. कर्णिकांच्या तोंडून निघून गेलं, "मोकल, तुमचं झिंकही एकटं पडलं वाटतं." बोलून झाल्यावर त्यांचा त्यांनाच चेहरा लपवावासा वाटला असावा, कारण ते खिडकीकडं वळले. सरांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा वळली.

नानांनी टोपी नीट केली. "चलतो दामू. आखणी पडलीय," एवढंच बोलले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सर फळ्याकडं गेले आणि लिहिलं: झिंक ओढलं गेलं. कारण माहीत नाही. शेजारी 'प' काढला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो. असा पडलेला मनुष्य, आणि तरी जे दिसलं ते लपवायला तयार नाही.

त्यानंतर सर मोकळ्या तासाला लॅबचं दार लावून बसू लागले. एकेक वस्तू सुटी करून टांगायची. नुसती काडी टांगली, हलली नाही. नुसता धागा, नाही. रिकामी काचनळी, नाही. झिंकची पूड कागदाच्या पुडीत बांधून टांगली, नाही. मग उरलं काय? मी अकरावीच्या वह्या तपासत बसले होते, तर आतून हसण्याचा आवाज आला. मोकल सरांना एवढं मोठ्यानं हसताना मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. धावत गेले तर पेटीत धाग्याला नुसता शाडूचा गोळा टांगलेला, आणि चुंबक दिसताच तो टपकन त्याच्याकडं धावतोय.

"बूच," सर म्हणाले, हसून डोळे पुसत. "दोन्ही नळ्यांची तोंडं मी मातीनं बुजवली बाई. दुसरं काय सुचणार मला? लोखंडी घमेल्यात मळलेली माती, त्यात घमेल्याचा गंज, चाळणीच्या तारांचा चुरा. मँगनीज बाजूलाच राहिलं, चुंबकानं आमचं घमेलं ओढलं."

रोह्याच्या, पनवेलच्या, मुंबईच्या कुठल्याही मास्तराच्या हातून ही चूक झाली नसती. त्यासाठी जोह्यातच जन्माला यावं लागतं.

घरी जाऊन त्यांनी नानांना सांगितलं, की तुझ्या मातीनं मला पाडलं. नाना म्हणाले, "मातीला नाव ठेवू नको. घमेल्याला ठेव." पण मग ब्रश खाली ठेवून त्यांनी स्वतःच विचारलं, "म्हंजे आता जमंल?"

"जमायला पाहिजे."

"पाहिजे म्हणू नको. या बारी नळ्या मी गुंडाळणार. कंच्यात काय, तुला कळता नये. तू नुसतं बघून सांगायचं. पटलं तर हाय, नाय तर नाय."

बघा, म्हणजे हा मनुष्य शाळेतसुद्धा धड गेला नव्हता, पण धाकट्याला ओळखून होता. दामूला हवं तेच दिसेल ही भीती त्याला होती, आणि गिऱ्हाइकाला फसवायचं नाही ही घरची रीत.

गणपती उठले, कारखाना थंडावला, आणि नाना दुसऱ्यांदा रोह्याला आले. या वेळी बातमी फुटली होती. बारावी होतीच, अकरावीही घुसली. कॅन्टीनच्या मावशी हात पुसत दारात उभ्या. प्राचार्य आले आणि कुणी उठलंसुद्धा नाही. कर्णिकांनी तीन नळ्या भरल्या: मँगनीज, तांबं, झिंक. मेणानं बुचं केली, नळीवर नावाची चिठ्ठी चिकटवली. नानांनी भिंतीकडं तोंड करून एकेक नळी मूर्तीच्या चंदेरी कागदात अशी गुंडाळली की चिठ्ठी दिसू नये, रंगही दिसू नये. वजनात फरक नको म्हणून कागद तिन्हीला सारखा कापला. मग तिन्ही हातात खुळखुळवून टेबलावर ठेवल्या.

सरांनी पहिली टांगली. धागा थांबेपर्यंत सगळे थांबले. चुंबक आलं. नळी वळली, पण सावकाश, जड पावलानं. सर वाकून बघत राहिले, मागं घेतलं, पुन्हा नेलं.

"एकटा हाय. एकच हाय," ते म्हणाले. "तांबं."

दुसरी. चुंबक जवळ, आणखी जवळ, पेटीच्या काचेला टेकलं. नळी जागची हलली नाही. सरांनी चुंबक दुसऱ्या बाजूनं नेलं. नाही. "पाठीला पाठ," सर म्हणाले. "झिंक."

तिसरी आता सांगायला नकोच होती, पण त्यांनी तीही टांगली. चुंबक काचेपासून चार बोटं लांब असतानाच ती वळायला लागली. जवळ येताच काचेला जाऊन भिडली आणि चुंबक सरकवलं तशी काचेवरून त्याच्या मागंमागं फिरली. पाच खण, पाच एकटे. पोरं उभी राहून ओरडायला लागली.

"गप," नाना म्हणाले. एवढीशी कुडी, पण सगळी गप्प झाली. "अजून उघडलं नाय."

नानांनी पहिला कागद सोडला. कर्णिकांनी चिठ्ठी वाचली, "तांबं." दुसरा. "झिंक." तिसरा वाचायला कर्णिकांचा चष्मा धुरकट झाला होता, तो त्यांनी पुसला आणि म्हणाले, "मँगनीज. तिन्ही बरोबर."

मग जो काही गलका झाला तो स्टँडपर्यंत गेला असणार. पोरांनी सरांना उचललं. खडूचा डबा पडला, खडू पायांखाली गेले. मावशी मलाच मिठी मारून मोकळ्या झाल्या. प्राचार्य "शिस्त, शिस्त" म्हणत स्वतःच टाळ्या वाजवत होते. आणि कर्णिक, इतकी वर्षं ज्यांनी सरांची एक गोष्ट गोड मानून घेतली नव्हती, ते फळ्यापाशी गेले. तिथं सकाळच्या तासाची पाच खणांची मांडणी होती, शेजारी 'ऐ' होता. कर्णिकांनी तो हातानं पुसला आणि वीतभर उंचीचा 'प' काढला. खालून दोनदा रेघ मारली.

सर खांद्यावरून उतरले, कर्णिकांचा हात धरला आणि बोलायला गेले. कर्णिक म्हणाले, "राहू द्या. मला बोलायला लावू नका." दोघंही रडत होते आणि दोघांनाही ते कुणी बघू नये असं वाटत होतं. सगळी लॅब बघत होती.

पुढं सर निवृत्त झाले, समारंभ झाला, शाल-नारळ झालं. त्यातलं मला फारसं आठवत नाही. सर म्हटलं की मला दिसते ती त्याच दिवसाची संध्याकाळ. गर्दी ओसरली होती. पेणची गाडी चुकेल म्हणून मी दोघा भावांना हाक मारायला लॅबच्या दाराशी गेले, आणि तिथंच थांबले.

नानांनी टोपी काढून बाकावर ठेवली होती. पेटीत मँगनीजची नळी टांगलेली होती, आणि चुंबक आता नानांच्या हातात होतं. डोळे आखणारा तो स्थिर हात. त्यांनी ते हळूहळू पुढं नेलं, नळी वळली. मागं घेतलं, नळी परतली. डावीकडून नेलं, उजवीकडून नेलं. मोकल सर हात पाठीमागं बांधून बाजूला उभे होते, काही सांगत नव्हते, काही समजावत नव्हते. थोरल्याकडं बघत होते फक्त.

नानांनी चुंबक काचेजवळ धरून ठेवलं. नळी त्याच्याकडं तोंड करून थांबली. बराच वेळ ते तिच्याकडं बघत राहिले.

"हाय रे दामू," ते म्हणाले. "हाय."